पऱ्हाटीचा कोळसा

भीती इंदूला मागाहून कळली. आधी आला तो वास.

आषाढी एकादशीला तिनं घरातला उरलासुरला लसूण फडक्यात बांधून शेजारी देऊन टाकला होता. तेव्हापासून कार्तिकीपर्यंत त्या घरात कांद्यालसणाचं नाव निघत नसे. नेम मुळात सासूचा, केसरबाईंचा. पण इंदू लग्न होऊन पांढुर्ण्यात आली आणि तिनं तो आपला करून घेतला. पहाटे तुळशीला पाणी, मग पोथीचा एक अध्याय, मग चूल. नवरा हिरामणही बिचारा निमूट पाळी. ताटात बिनलसणाची आमटी आली की म्हणे, "देवाले चालते तर मले काय झालं?" आणि जेवून उठे.

चार महिने ज्या घरात लसूण येत नाही, त्या घरातल्या बाईचं नाक त्या वासाला कसं तिखट होतं हे पाळणारीलाच ठाऊक. गल्लीच्या टोकाला कुणी फोडणी दिली तरी इंदूला कळे आणि ती मनातल्या मनात हसे. म्हणून त्या वर्षी, शहाऐंशी सालच्या दसऱ्यानंतर, हिरामणचा सदरा धुवायला घेताना तिला लसणाचा वास आला तेव्हा तिला शंकाच उरली नाही. वास ओझरता नव्हता. बाह्यांना, छातीला, खिशाला, सगळीकडे होता.

तिच्या मनात आला तो नागपूर रोडवरचा ढाबा. तिथं लसणाची लाल चटणी मिळते हे सगळ्या गावाला माहीत होतं.

तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. आणि नेमाच्या महिन्यांत नवऱ्याला खोटं बोलायला लावलं तर ते पाप कुणाच्या माथी? इंदूचा स्वभावच असा. आवाज चढवणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं. रागावली की ती आणखी हळू बोले, आणि फार रागावली की बोलतच नसे. तिनं त्याचे कपडे सोवळ्याच्या दोरीवरून काढून न्हाणीच्या मागं वाळत घातले. तो जवळून गेला की पदर नाकाला लावला. त्याचं ताट एक हात लांब मांडलं. केसरबाईंनी हे पाहिलं, पण त्याही काही बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं नवराबायकोचं काही असेल.

हिरामणचं वेल्डिंगचं दुकान घराला लागूनच होतं, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर. पुढं उघडा ओटा, ओट्यावर गॅसची लोखंडी टाकी, आणि पलीकडं हाताच्या अंतरावर इंदूचं तुळशीवृंदावन. टाकीत पाणी असे. वरच्या चाळणीत कार्बाइडचे खडे टाकले की पाणी लागून त्यातून गॅस निघे, नळीनं टॉर्चपर्यंत जाई आणि त्याच्या ज्योतीवर लोखंड वितळे. गॅस सरला की झाकण उघडायचं, चुन्याचा पांढरा रबडा उपसून टाकायचा, नवे खडे भरायचे. इतकी वर्षं हे काम ओट्यावर चालत आलं. कार्बाइडचा थोडासा वास तेव्हाही यायचा, पण तो टाकीपुरता. अंगाला चिकटून घरात येण्याइतका कधी नव्हता.

कार्बाइड यायचं ते सौसरवरून, आणि पाठवायचा इंदूचा पाठचा भाऊ. मधुकर बी.एस्सी. झाला होता आणि सौसरच्या बाहेर एका शेठच्या छोट्याशा कार्बाइड भट्टीवर देखरेखीला होता. कोळसा आणि चुना विजेच्या भट्टीत वितळवून दगड बनवायचा, तो फोडून डब्यात भरायचा, असं त्याचं काम. दसऱ्याला त्यानं भाऊजींसाठी म्हणून नव्या मालाचा एक डबा बसवाल्याच्या हाती मुद्दाम पाठवला होता.

तो डबा फोडल्यापासून हिरामणचं काम बिघडलं होतं. खडा मोडला की आधी निळसर जांभळी चमक दिसायची. आता आत राखेसारखा मळकट रंग दिसे. ज्योतीतून पांढरट धूर निघे. लोखंडाला घातलेला टाका थंड झाला की ठिसूळ होई. एका ट्रॅक्टरवाल्याचा हूक तर शेतात पोचायच्या आधीच निखळला. तो परत आला तो चार माणसांत विचारत, "हिरामण, टाका मारला का पापड लावला?" लोक हसले. हिरामणही हसला, पण घरी येऊन गप्प बसला. इंदूला वाटलं, चोरी मनाला खाते आहे.

दिवाळीच्या पाडव्याला तो म्हणाला की जिनिंगचं काम आलंय. पंचमीला नव्या कापसाचा मुहूर्त आहे, रेच्यांचे, सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचे, दोन दांडे तुटलेत, ते जोडून द्यायचे. दांडे सोडवून दुकानात आणायचे असं आधी ठरलं होतं. पण तो जेवताना ताटाकडं बघत बोलला, "टाकीच तिकडं नेतो. घरी तुया नेमात खोळंबा नको."

इंदूनं मान हलवली. जिनिंग नागपूर रोडला होतं, आणि ढाबाही.

*

भाऊबीजेला मधुकर दरवर्षी पांढुर्ण्याला येई. त्या वर्षी त्याची बायको वंदना हिनं निरोप धाडला की यांना भट्टीवरून निघता येत नाही, ताई, तुम्हीच या. इंदू सकाळच्या बसनं निघाली. पहाटे हिरामण हातगाडीवर टाकी आणि डबा चढवत होता. ती त्याच्याशी बोलली नाही. बस सुटताना मात्र तिला चुटपुट लागली. सणाचा दिवस, आणि आपण "येते" एवढंही म्हणालो नाही.

सौसरला पोचली तर मधुकर घरीच होता. उजवा हात पंचाच्या पट्टीनं बांधलेला आणि एक भुवई पार जळून गेलेली. त्या बाजूचं कपाळ चकचकीत लाल दिसत होतं. इंदू दारातच थबकली.

तो हसण्यावारी नेत म्हणाला, "काही नाही व ताई. धनतेरसले भट्टीवर जरा भडका उडाला. तू घाबरशील म्हणून कळवलं नाही."

वंदनानं डोळे पुसले आणि पाट मांडला. ओवाळल्याशिवाय भावाबहिणीला अन्न घ्यायचं नव्हतं, त्यामुळे सगळं झटपट झालं. इंदूनं आपलं पितळी ताट पिशवीतून काढलं. माहेरचं ताट, लग्नात आलेलं, दर भाऊबीजेला तेच. निरांजन लावलं, कुंकू भिजवलं आणि टिळा लावायला ती भावाच्या जळक्या कपाळाशी वाकली.

तोच वास.

तिचा हात तसाच राहिला. भावाच्या पट्टीतून, सदऱ्यातून, केसांतून, अगदी हिरामणच्या सदऱ्याला होता तोच लसणाचा वास येत होता. तिला आधी वाटलं आपल्या नाकालाच खोड लागली. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मधू, तूही लसूण खाऊन राहिला का रे? आजच्या दिवशी?"

उत्तर वंदनानं दिलं, आणि तिच्या आवाजात कंटाळा होता. लसूण कुठला ताई, घरात पाकळी नाही. हा भट्टीचा वास. पऱ्हाटीचा कोळसा आल्यापासून यांच्या अंगाचा जातच नाही. किती साबण झाले.

इंदूनं टिळ्याचं बोट तसंच धरून विचारलं, "पऱ्हाटीचा कोळसा म्हणजे?"

मधुकर सांगू लागला. आधी सहज, मग जसजसा बहिणीचा चेहरा बदलत गेला तसतसा अडखळत. जंगलातल्या कोळशाच्या भट्ट्यांना आता परवाना मिळत नाही. धावड्याचा, सागाचा कोळसा बंद झाला. शेठनं युक्ती काढली. फाल्गुनात शेतकरी कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर जाळतात, त्याचाच कोळसा पाडला तर? पाडला. दिसायला कोळसाच, पण हलका, भुसभुशीत, राख जास्त. भट्टी फसफसायला लागली, दगड मळकट निघायला लागला. ते एक वेळ चाललं असतं. पण भडक्यानंतर मधुकरनं तुकडा नागपूरला ओळखीच्या एका मास्तरांना नेऊन दाखवला, तेव्हा खरी गोष्ट कळली.

"पऱ्हाटीले सुपर खत टाकतात ना, ताई? त्याच्यातला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, झाडात जाते. झाड जाळलं तरी पुरा जात नाही, कोळशात बसून राहते. कोळशातून भट्टीत, भट्टीतून कार्बाइडात. मंग त्याले पाणी लागलं का आपल्या गॅससंगं आणखी एक गॅस निघते. वास लसणाचा. थोडा असला तर नुसता वास. जास्त झाला..." तो थांबला. "जास्त झाला तर त्याले काडी लागत नाही. हवा लागली का स्वतःच पेटते. माझ्या तोंडावर तसाच आला. रबड्याच्या टाकीचं झाकण उचललं, बस."

"तो डबा," इंदू म्हणाली.

"कोणता?"

"दसऱ्याचा. भाऊजीले पाठवलेला."

मधुकरचा रंग उतरला. तेव्हा माहीत नव्हतं ग, तो म्हणाला. कळलं धनतेरसनंतर. उद्या-परवा स्वतः येऊन डबा नेणारच होतो. दिवाळीत दुकान बंदच असते, पंचमीपर्यंत भाऊजी टाकीला हात लावत नाहीत, म्हणून...

"ते आज जिनिंगमंधी आहेत," इंदू म्हणाली. "टाकी घेऊन."

पाटावरून उठताना मधुकरचा धक्का लागून निरांजन विझलं. कुणाला ते उचलायचंही सुचलं नाही.

*

बस दुपारी तीनशिवाय नव्हती. फोन करायला पोस्टही सणाचं बंद. मधुकरनं शेजारच्याची राजदूत फटफटी मागून आणली. वंदना म्हणत राहिली, बांधल्या हातानं कशी चालवाल. त्यानं ऐकून घेतलं आणि किक मारली. इंदू मागं बसली तेव्हा तिच्या हातात ते ताट होतं. कुंकू सांडलेलं, तुपाचा ओघळ आलेला. पिशवीत कोंबून तिनं ते पोटाशी धरलं. का आणलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

सौसर मागं पडलं. जामसावळीचा फाटा आला. निजलेल्या मारुतीचं देऊळ झाडांत दिसलं. हात जोडल्याशिवाय ती त्या फाट्यावरून कधी पुढं गेली नव्हती, बससुद्धा तिथं क्षणभर थांबे. मधुकरनं गाडी हळू केली नाही आणि तिनंही सांगितलं नाही. एका हातानं भावाचा खांदा, दुसऱ्यानं ताट, जोडायला हातच नव्हते. तिनं नुसती मान लववली आणि मनातल्या मनात म्हणाली, देवा, तू निजलेलाच राहा, पण आज जरा एक डोळा उघड.

दोन्ही बाजूंनी शेतं होती. आणि शेतांत उभी होती ती पऱ्हाटी, कापसानं पांढरी झालेली. बायका कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. त्यांच्यातल्या एकीनं मोटारसायकलवरच्या बाईकडं बघून हात हलवला. इंदूला वाटलं, एवढी साधी झाडं. त्यांच्याच वाती वळून आपण रोज देवापुढं लावतो.

मग तिला टाकीची जागा आठवली.

टाकी आजवर ओट्यावर होती. उघड्यावर. चहूबाजूंनी वारा. तिथं भडका उडाला असता तर फार तर हात भाजला असता, मधूचा भाजला तसा. ती आज जिनिंगमधे का गेली? "तुया नेमात खोळंबा नको." तो ढाब्यासाठी गेलाच नव्हता. बायको पदर नाकाला लावते, कपडे वेगळे वाळत घालते, ताट लांब मांडते, हे त्यानं पाहिलं होतं. आपल्या कामाचा वास तिच्या देवाला चालत नाही असं समजून त्यानं टाकी उचलली आणि जिथं छपरापर्यंत रुई रचलेली असते तिथं नेऊन ठेवली. एक शब्द विचारला असता तर तो म्हणाला असता, कार्बाइडचा वास आहे व, बाप्पा. तिनं विचारलं नव्हतं. खोटं बोलायला लावायचं नाही म्हणून.

"मधू," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "टाकीत गॅस असेपर्यंत काही होत नाही ना?"

तो वाऱ्यात ओरडून म्हणाला की नळी नीट असेपर्यंत तितकं नाही. गॅस सरला, झाकण उघडलं, आत हवा गेली की मग.

"किती वेळ पुरते एक भरती?"

त्यानं गाडी आणखी पळवली. इंदूनं स्तोत्र सुरू केलं. रोजचं पाठ असलेलं. पण दुसऱ्याच ओळीला अडकली, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथंच. शेवटी तिनं नुसतं त्याचं रूप डोळ्यांपुढं आणलं. देवाचं नाही, हिरामणचं. पाठमोरा, हातगाडीला रेटा देत रस्त्यानं जाणारा. सकाळी तेवढंच दिसलं होतं.

*

जिनिंगच्या फाटकातच तो वास आला.

आवारात बैलगाड्या सुटलेल्या होत्या आणि नव्या कापसाचा ढीग माणसाहून उंच झाला होता. आतल्या छपराखाली दुरुस्त झालेले रेचे चालवून बघत होते. पट्ट्यांचा खडखडाट इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. हवेत रुईचे तंतू तरंगत होते आणि सगळ्या वस्तूंवर त्यांची पांढरी लव बसली होती. जिनिंगचे मॅनेजर यशवंतराव फाटकाशीच भेटले. मधुकर त्यांना काही सांगू लागला, त्यांनी कानामागं हात धरला, मग दोघंही विजेच्या खटक्याकडं धावले. छपराच्या दुसऱ्या टोकाला होता तो खटका.

इंदू आत शिरली.

हिरामण मागच्या भिंतीजवळ होता, पाठमोरा. एका बाजूला सरकीची रास, दुसऱ्या बाजूला मोकळी रुई, आणि मध्ये त्याची टाकी. टॉर्च विझवून त्यानं खुंटीला अडकवला होता. म्हणजे गॅस सरला होता. शेजारी डब्याचं तोंड उघडं. तो वाकला, पेचाच्या झाकणाचा एक आटा सोडवला, मग दुसरा सोडवायला हात घातला.

"अहो," इंदू म्हणाली.

तिला स्वतःलाही ऐकू आलं नाही. ती पुन्हा म्हणाली. गळ्यातून आवाज निघाला तो रोजच्या एवढाच निघाला. इतक्या वर्षांत चढवलाच नव्हता, आज चढवायचा कसा ते सापडेना. मधे रेच्यांची रांग, फिरणारे पट्टे, पलीकडं तो. तिसरा आटा. ओठ नुसते हलले.

मग तिनं पिशवीतलं ताट काढलं आणि फेकलं.

आयुष्यात तिनं काही फेकलं नव्हतं. देवाचं ताट तर नाहीच नाही. ते रेच्याच्या लाकडी चौकटीवरून उडालं, फरशीवर आपटलं, कडेवर उभं राहून गरगरत गेलं आणि हिरामणच्या पोटरीला लागलं. त्यानं आधी खाली पाहिलं. कुंकवानं माखलेलं पितळी ताट. ते त्याच्या घरातलं होतं, त्यानं ते ओळखलं. तो वळला तेव्हा झाकणावरचा हात सुटला होता.

इंदू दोन्ही हात वर करून नुसती नाही, नाही अशी मान हलवत होती.

त्याच वेळी रेचे थांबले. खडखडाट गेला आणि त्या शांततेत टाकीच्या सैल झालेल्या आट्यांतून येणारा बारीक सू सू आवाज सगळ्यांना ऐकू आला. मधुकर जवळ आला आणि सांगण्यापेक्षा विनवल्यासारखं बोलला, "भाऊजी, हात लावू नका. आटे तसेच राहू द्या. तसेच."

पुढचं जे झालं ते इंदूनं भिंतीला टेकून पाहिलं. हमालांना बाहेर काढलं. यशवंतरावांनी भिजवलेली पोती मागवली. ती टाकीवर घातली आणि हिरामणनं व मधुकरनं मिळून टाकी सावकाश हातगाडीवर घेतली. रुईच्या मधून ती गाडी चालली. दाराच्या उंबऱ्याला चाक अडकलं, टाकी डुचमळली, पोत्याखालून पांढऱ्या धुराची एक रेघ निघाली आणि विरली. हिरामणनं खांदा लावला. चाक सुटलं.

आवाराबाहेर ओढ्याकाठी पडीक जमीन होती. तिथं गाडी सोडून सगळे बांधामागं आले. मधुकरनं लांब बांबूच्या टोकाला हूक बांधला आणि बांधाआडून झाकणाच्या कडीत अडकवून रेटा दिला.

आधी काहीच झालं नाही. मग धप्प असा दबका आवाज आला, झाकण उडून ओढ्यात पडलं, आणि टाकीच्या तोंडावर ज्योत उभी राहिली. कुणी काडी लावली नव्हती. आजूबाजूला विस्तव नव्हता. पिवळी, फडफडणारी, वर पांढऱ्या धुराचा तुरा घेतलेली ज्योत आपली आपण आली होती, आणि तिच्यातून लसणाचा वास येत होता.

कुणीतरी राम राम म्हणालं. यशवंतरावांनी मागं वळून छपराकडं, त्या रुईकडं, सरकीच्या राशीकडं पाहिलं आणि ते मटकन बांधावर बसले. हमालांना बाहेर काढेपर्यंत आत त्यांच्यातल्या बायकांची लेकरं पाळण्यात निजली होती, हे त्यांनी थोड्या वेळानं सांगितलं.

हिरामण इंदूजवळ आला. त्याच्या हातात ते ताट होतं. कड दबली होती. "तुले कसं कळलं?" त्यानं विचारलं.

"मले वाटलं तुम्ही ढाब्यावर लसूण खाता," ती म्हणाली.

त्यानं ताटाची दबलेली कड अंगठ्यानं चाचपली. "अन् मले वाटलं," तो म्हणाला, "माया कामाचा वास तुया देवाले चालून नाही राहिला."

*

भावाला ओवाळायचं राहिलंच होतं. संध्याकाळी पांढुर्ण्याच्या घरात पाट मांडला. दबलेलं ताट धुऊन घेतलं. केसरबाईंनी काडेपेटी दिली. इंदूनं काडी घेतली, पेटीवर टेकवली आणि तिला ती ओढता येईना. हिरामणनं न बोलता काडी घेतली, निरांजन लावलं आणि तिच्या हाताखाली आपला हात धरला. त्या दोन हातांनी मधुकरला ओवाळलं. जळक्या भुवईवर टिळा लावताना तो जरासा कळवळला.

त्यानं खिशात हात घातला तशी इंदू म्हणाली, "ते नको. मले दुसरं पाहिजे. असे डबे आणखी कुठं गेले?"

मधुकरची मान खाली गेली. एक तिगावच्या लोहाराकडं, दोन रामाकोन्याला. आणि एक शेठनं परस्पर विकला, विहिरी खोदणाऱ्या कुणाला, कार्बाइडच्या दिव्यांसाठी.

"ते वापस आण. हीच ओवाळणी."

पंक्तीत वाढलेलं गार झालं. मधुकर आणि हिरामण कसेबसे चार घास खाऊन राजदूतवर बसून तिगावला गेले, आणि दुसऱ्या दिवशी रामाकोन्याला. ते तीन डबे आले. ओढ्याकाठच्या त्याच जागी ते, हिरामणच्या डब्यासकट, रिकामे केले गेले. मधुकरनं शेठला सांगितलं, पऱ्हाटीच्या कोळशावर भट्टी लावायची असेल तर दुसरा माणूस पाहा. शेठनं पुष्कळ आदळआपट केली, पण भट्टी गार राहिली. परतवाड्याकडून लाकडी कोळसा येईपर्यंत ती तशीच होती. विहीरवाल्यांचा तळ मात्र हलला होता. कुठं गेले ते कुणाला सांगता आलं नाही. त्या एका डब्यासाठी इंदूनं रोजच्या अध्यायानंतर आणखी एक अध्याय धरला. कुठं तरी एखाद्या विहिरीच्या तळाशी कुणी ते झाकण उघडत असेल, हा विचार पोथी मिटली तरी मिटत नसे.

कार्तिकी झाली. तुळशीचं लग्न लागलं. नेम सुटला. केसरबाईंनी हौसेनं वांग्याची भाजी करायला घेतली आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तापल्या तेलात ठेचलेला लसूण टाकला.

चर्र आवाज झाला आणि वास घरभर पसरला.

इंदू देवघरात होती. तिच्या हातातली वात खाली पडली. ती उठली, स्वयंपाकघरातून, केसरबाईंच्या समोरून, अनवाणी तशीच ओट्यावर आली. हिरामण तिथं आरसा खांबाला टेकवून दाढी करत होता. अर्धा गाल साबणाचा, अर्धा मोकळा. नवी टाकी पलीकडं झाकण उघडं टाकून पालथी पडली होती.

तो आरशातूनच म्हणाला, "आईनं फोडणी दिली वाटते."

"हो," इंदू म्हणाली. पण आत गेली नाही. त्याची दाढी होईपर्यंत ती तुळशीजवळ उभी राहिली, एक हात टाकीच्या गार लोखंडावर ठेवून.